स्पीडी ३० प्रीलव्हड म्हणून घेतली, निघाली फर्स्ट कॉपी, आणि पकडली गेली कुलपावरून

लुई व्हिटॉनची स्पीडी ३० हँडबॅग इन्स्टावरच्या एका प्रीलव्हड, म्हणजे आधी वापरलेल्या वस्तू विकणाऱ्या, सेलरकडून घेतली, ४८ हजारांना. सेलरचं नाव देत नाही पण काय झालं ते नीट लिहितेय, कारण एवढे पैसे घालताना कोणाचीच अशी फसगत होऊ नये.

बॅग पहिल्या नजरेत एकदम मस्त. मोनोग्राम (कापडावरची एल-व्ही अक्षरांची नक्षी) सरळ, शिलाई एकसारखी, हँडलचं चामडं मधाच्या रंगाचं झालेलं, 'पाच वर्षं वापरलीय' असं सेलरने सांगितलेलं तेही पटलं. दोन दिवसांनी मैत्रीण तिची स्पीडी घेऊन आली, तिची पॅरिसच्या दुकानातून घेतलेली, आणि आम्ही दोन्ही डायनिंग टेबलवर शेजारी शेजारी ठेवल्या. तिच्या बॅगेचं छोटं कुलूप हातात घेतलं तर थंडगार आणि आकाराच्या मानाने चांगलंच जड, माझं घेतलं तर खेळण्यातलं वाटावं इतकं हलकं. मग खिडकीपाशी उजेडात नेऊन बघितलं. तिच्या कुलपाला समई महिनाभर घासली नाही की येतो ना तसा मंद तपकिरी रंग आलेला. माझं मात्र नुसतं पिवळंजर्द चकचकीत, आणि कडी जिथे घासते तिथला मुलामा उडून आतून करडं दिसत होतं. म्हणजे चामडं पाच वर्षांचं आणि धातू कालचा, हे कसं शक्य आहे? आपण एखाद्याचं पितळ उघडं पडलं म्हणतो, इथे बरोबर उलटं आहे, स्पीडीच्या कुलपात खालून पितळच निघायला हवं. करडं निघालं तर ते बहुतेक जस्ताचं स्वस्त ओतकाम.

कुलपावर कोरलेली अक्षरंही बघा. खऱ्यावर ती खोल आणि कडा धारदार, एलचा पाय आखूड, ओ गोल गरगरीत, दोन टी अगदी खेटून. माझ्यावरची उथळ होती आणि कोपऱ्यात मुलामा साचून बोथट झालेली. कुलपावर नंबर असतो तोच किल्ल्यांवर असतो, माझ्या किल्लीवर वेगळाच होता आणि ती फिरलीच नाही.

लोहचुंबक लावून बघा असं बरेच जण सांगतात, त्यावर विसंबू नका. चिकटलं तर आत बहुतेक लोखंड आहे, पण जस्तालाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे नाही चिकटलं म्हणजे बॅग खरी असं अजिबात नाही. आणि नुसतं कुलूप खरं निघालं म्हणूनही पैसे देऊ नका, खरी कुलपं सुटी विकली जातात, ती कुठल्याही बॅगेला अडकवता येतात. म्हणून झिपचा रनरही बघायचा, त्याचा आणि कुलपाचा रंग, झीज जुळतेय का ते. फक्त जुन्या बॅगांना एक्लेअर किंवा टॅलॉनच्या झिपा असायच्या, रनरवर ते नाव दिसलं म्हणून लगेच खोटी ठरवू नका.

शनेलची फ्लॅप बॅग घेत असाल तर समोरच्या सी-सी लोगोमध्ये वर उजवा सी डाव्यावरून जातो आणि खाली डावा उजव्यावरून, हे उलटं दिसलं की तिथेच थांबायचं. फ्लॅप उघडून मागचे स्क्रूही बघा, साधे प्लस स्क्रू असतील तर संशय घ्याच.

सेलर सारखा आतल्या डेट कोडचा फोटो पाठवत राहिला, पण तो कोड फक्त कुठे आणि कधी बनली एवढंच सांगतो आणि तो कोणीही छापू शकतं, २०२१ पासून तर कंपनीने तो बंद करून चिप आणलीय. शेवटी कुलपाच्या करड्या कडीचा क्लोजअप आणि दोन वेगळ्या नंबरांचा फोटो पाठवला तेव्हा अकरा दिवसांनी पैसे परत आले, कुरिअरचे साडेसहाशे कापून. एक स्टार, तोही पैसे परत दिले म्हणून. आता कुठलीही बॅग बघताना मी कॅनव्हासचे फोटो मागतच नाही, कुलूप, दोन्ही किल्ल्या आणि रनर एकाच फ्रेममध्ये, फ्लॅश बंद करून दिवसाच्या उजेडात काढून पाठवा म्हणते. आतापर्यंत तिघांना विचारलं, दोघांनी त्यानंतर उत्तरच दिलं नाही.