गल्फला घरकामाला जाताय? आधी परतीच्या तिकिटाची तारीख बघा

मी अडाणी नाही, हे आधीच सांगते. दहावी नापास आहे, पण आमच्या नालासोपाऱ्याच्या बचत गटाची वही सात वर्षं मीच लिहिते. चाळीत कुणाचं रेशन अडलं, आधार अडलं की माझ्या दारात येतात. म्हणूनच ओमानहून फसून परत आल्यावर चार महिने तोंड लपवून बसले. आता लिहितेय, कारण मागच्या गल्लीतल्या दोघींनी मला विचारलं, "तो साकीनाक्याचा एजंट बरा आहे ना गं?"

फी किती असते ते मला ठाऊक होतं. नोंदणीकृत एजंट जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० घेऊ शकतो, हे मी पेपरात वाचलं होतं. त्याच एजंटच्या ऑफिसात ठसक्यात बोलूनही दाखवलं. माणूस हसला. "ताई, तुम्ही तर सगळं शिकूनच आलात," म्हणाला आणि ३५,४०० ची पावती फाडली. झालं, तिथेच मी आंधळी झाले. कायद्याने चालणारा माणूस भेटला म्हणून घरी येऊन नवऱ्याला कौतुकाने सांगितलं. भिंतीवर केंद्र सरकारचं लायसन्स होतं, तेही दुसऱ्याच कंपनीचं निघालं. नुसता नंबर बघू नका बायांनो, ई-मायग्रेट या सरकारी साइटवर त्या नंबरापुढे नाव आणि पत्ता काय आहे तो बघा.

मग हळूहळू बाकीचे आकडे आले. मेडिकल ६,५००. व्हिसा स्टॅम्पिंग १८,०००. पोलिसांचा दाखला ४,०००. सरकारी विमा १,५००. तिकीट २४,६००. बेरीज बरोब्बर नव्वद हजार! अहो, खरे खर्च कधी असे गोल येतात का? मी हिशेब लिहिणारी बाई, मला हे दिसायला हवं होतं. विम्याचं तर नंतर कळलं, प्रवासी भारतीय बीमा योजनेचा दोन वर्षांचा हप्ता जीएसटी सोडून २७५ रुपये आहे. गटाकडून ४०,००० उचलले, मंगळसूत्र ठेवून ३५,०००, दिराकडून १५,०००. हौस नव्हती मला. रिक्षाचे हप्ते थकले होते आणि महिना १२० ओमानी रियाल म्हणजे २५,८०० रुपये. तीन घरची धुणीभांडी करून मला इथे ११,००० मिळत होते.

आता ते तिकीट. ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. निघायच्या आदल्या दिवशी कागद हातात दिले. मुंबई ते दुबई आणि पंधराव्या दिवशी दुबई ते मुंबई. मी विचारलं, "मी दोन वर्षांसाठी चाललेय ना? मग परतीचं कशाला?" म्हणजे बघा, प्रश्न सुचला होता मला! तो म्हणाला, "फॉर्मॅलिटी आहे ताई. विमानतळावर साहेबांनी विचारलं तर मावसबहिणीच्या बाळाच्या बारशाला चालले म्हणायचं." आणि मी काय करावं? स्टेशनजवळून १८० रुपयांचं झबलं-टोपडं घेतलं आणि बॅगेत वरच ठेवलं, दाखवायला बरं म्हणून. त्याने सांगितलंही नव्हतं. माझ्या फसवणुकीत माझीच हुशारी कामाला आली.

माझा पासपोर्ट ईसीआर, म्हणजे 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड'; दहावी पास नसलं की असा मिळतो. असा पासपोर्ट घेऊन आखातात कामाला जायचं तर सरकारच्या उत्प्रवासी संरक्षक (प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स) कार्यालयाची मंजुरी लागते. फिरायला जाणाऱ्याला लागत नाही. म्हणून ते पर्यटन व्हिसावर पाठवतात, आणि फिरायलाच चाललीय असं दिसावं म्हणून ते परतीचं तिकीट. व्हिसावर 'पर्यटन' असेल तर विमानात बसूच नका, एजंट काहीही सांगू दे.

पुढचं तुम्हाला माहीतच असेल. दुबईजवळच्या अजमानला एका खोलीत अकरा बायका, बारा दिवस. परतीचं तिकीट त्यांनीच रद्द केलं. मग रस्त्याने सीमेवरच्या बुरैमीमार्गे ओमान, मस्कतजवळच्या सीबमधलं एक घर. पासपोर्ट गेला, १२० चे ८० रियाल झाले आणि पहिला पगार तिथल्या एजंटने कापला. घर सोडते म्हटल्यावर कफील, म्हणजे व्हिसा काढणारा तिथला मालक, म्हणाला, तुझ्यासाठी मी नऊशे रियाल मोजलेत. तेव्हा ट्यूब पेटली. मालकाने माझे पैसे आधीच भरले होते! त्याच जागेसाठी मीही नव्वद हजार भरले. दोन्हीकडून खाल्लं मेल्यांनी. तिसऱ्या महिन्यानंतर नवऱ्याने व्याजाने काढून चारशे रियाल म्हणजे ८६,००० पाठवले, तेव्हा पासपोर्ट हातात आला. येतानाचं तिकीट १७,३००. हातात आलेला पगार १६० रियाल, म्हणजे ३४,४००. वजा करून १,५८,९०० चा खड्डा.

आता पोलिसांचं ऐका. आमच्या ठाण्यात म्हणाले, ऑफिस साकीनाक्याला, तिकडे जा. तिकडे म्हणाले, राहता कुठे? मग तिकडेच. हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यावीच लागते, २०२४ पासून तर कायद्यातच लिहिलंय. हे मी सांगितलं तर हवालदार म्हणाला, "वकील झाल्या का बाई?" तिसऱ्या खेपेला, "पैशांची देवाणघेवाण आहे, दिवाणी बाब." चौथ्या खेपेला साहेब म्हणाले, एमिग्रेशन कायद्याखाली, म्हणजे परदेशी कामाला पाठवण्याच्या कायद्याखाली, खटल्याला दिल्लीची परवानगी लागते. आणि वर हे, की बारशाचं खोटं तुम्हीच बोललात ना, मग गुन्हा तुमच्यावरही होईल. त्या रात्री मी जेवले नाही. दीड लाख घालवून मीच आरोपी? एजंट तिकडे पंख्याखाली बसून रोज नव्या बायकांच्या पावत्या फाडतोय, त्याला कुणी एक फोन करत नाही.

घरकामगार संघटनेच्या ताईंनी कायदा काढून दाखवला. १९८३ च्या त्या कायद्याच्या कलम २७ मध्येच लिहिलंय, की जिची फसवणूक झाली तिने किंवा तिच्या नवऱ्याने, आईबापाने, भावाने स्वतः फिर्याद दिली तर परवानगी लागत नाही. दुसरं त्यांनी सांगितलं ते ऐकून मी भिंतीला टेकले. ईसीआर पासपोर्टवर घरकामाला जाणाऱ्या बाईची भरती २०१६ पासून सरकारी संस्थांमार्फतच करायची, खाजगी एजंटने नाहीच. वय तीसच्या वर हवं ते वेगळंच. म्हणजे ज्या ३५,४०० वर मी भाळले, ते मागायचाही त्याला हक्क नव्हता.

रोख देऊ नका. माझे पहिले ३५,४०० रोख गेले, त्यांचा पुरावा म्हणजे साध्या कागदावरची ती पावती. बाकीचे गूगल पेने तीन वेगवेगळ्या नंबरांवर गेले, त्यातला एक किराणा दुकानाच्या नावाचा. किराणा! त्याचे स्क्रीनशॉट तेवढे आज कामाला येतायत. पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या प्रती घरी ठेवून जा. करारावर पगाराचा आकडा नसेल तर तो करार नव्हे.

काल त्या दोघींपैकी एक तिकीट घेऊन आली. परतीची तारीख पंधराव्या दिवसाची. तिचे ३५,४०० भरून झालेत. उद्या सकाळी आम्ही दोघी साकीनाक्याला जातोय, माझा नवरा आणि संघटनेच्या ताईही येतायत.