शिरोलीच्या फाउंड्रीतील सुरक्षा प्रशिक्षण: दोन दिवसांचा अनुभव

शिरोली एमआयडीसीतील आमच्या फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यात, गेल्या महिन्यात एका खासगी संस्थेने दोन दिवसांचे सुरक्षा प्रशिक्षण घेतले. भट्टी विभागाचा सुपरवायझर म्हणून मी दोन्ही दिवस पूर्ण वेळ हजर होतो.

पहिल्या दिवशी प्रशिक्षक सभागृहात न थांबता आम्हाला थेट भंगाराच्या ढिगाकडे घेऊन गेले. दोन्ही टोके चेपलेला वीतभर पाइप त्यांनी उचलला, व्हाइसमध्ये धरून हॅक्सॉने कापायला लावला, आणि आतून अर्धी वाटी गढूळ पाणी सांडले. एवढे पाणी १,४०० अंशांच्या पुढच्या वितळलेल्या धातूच्या रसाखाली सापडले, तर त्याची क्षणात वाफ होते, ती पाण्याच्या १,६०० पटींहून अधिक जागा मागते आणि वरचा रस भट्टीबाहेर भिरकावते, हे त्यांनी सांगितले तेव्हा चार्जिंगवरची, म्हणजे भट्टीत भंगार टाकणारी, मुले एकदम गप्प झाली. ओले किंवा बंद तोंडाचे भंगार टाकू नका, हे मी रोज सांगतो. पण त्या पाण्याने जे पटवले, ते माझ्या सांगण्याने कधी पटले नव्हते.

पँट बुटात न खोचता बुटांवरून सोडावी, म्हणजे उडालेला थेंब आत अडकत नाही, हेही त्यांनी नीट दाखवले. भाजल्यावर हळद किंवा टूथपेस्ट न लावता तो भाग वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरायचा, याचा सराव घड्याळ लावून करून घेतला.

दुसरा दिवस मात्र उरकल्यासारखा वाटला. फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करण्याच्या, धुळीतील सिलिकामुळे होणारा सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार बरा होत नाही, आणि नाकाला बांधलेला रुमाल ती बारीक धूळ अडवत नाही. इतक्या गंभीर विषयाला जेमतेम पाऊण तास मिळाला आणि मास्क चेहऱ्यावर घट्ट बसतो का, हे कोणाचेही तपासले नाही.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. रात्रपाळीतील बिहार आणि ओडिशाच्या कंत्राटी कामगारांना केवळ मराठी पुस्तिका देऊन हजेरीपत्रकावर सह्या घेण्यात आल्या. कारखाने अधिनियमात १९८७ साली घातलेल्या कलम १११-अ ने सुरक्षिततेची माहिती आणि प्रशिक्षण हा कामगाराचा हक्क मानला; न कळणाऱ्या भाषेतील पुस्तिकेने तो पुरा होत नाही, आणि भट्टी तर रात्रीही तितकीच तापलेली असते.

भट्टीच्या सत्रासाठी ही संस्था मी निःसंकोच सुचवीन. रात्रपाळीसाठी तेच सत्र हिंदीतून, पाइप कापून दाखवण्यासह घ्यावे, अशी लेखी मागणी मी केली आहे.