जुन्या जीपचं खाली जाणारं ब्रेक पेडल : नवा मास्टर सिलिंडर बसवून आठ महिने झाल्यावर

गाडी जुनी डिझेल जीप. चारही चाकांना ड्रम ब्रेक, त्यांची ऑइलची लाइन मिळून एकच, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही. काम ऑक्टोबरात झालं, आता मे संपत आलाय. मधल्या काळात रोजचा शेतरस्ता, रावेर-यावल पट्ट्यात केळीचं वजन आणि शहाद्याहून तोरणमाळचा घाट, असा सगळा वापर झाला.

आधी निकाल. मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर चाकांकडे ब्रेक ऑइल ढकलणारा पंप) चांगला निघाला, बदलायलाही हवाच होता. पण पेडल वर आलं ते मुख्यतः त्याच्यामुळे नाही. लायनर (ब्रेक शूवरचा घासणारा थर) आणि चाकाबरोबर फिरणारा ड्रम यांच्यातली फट कमी केल्यावर निम्म्याहून जास्त फरक पडला, आणि त्याला जॅक आणि पान्यापलीकडे काही लागत नाही. तरी पेडल खाली गेलं की मिस्त्री पहिलं बोट मास्टरकडेच दाखवतात.

बिघाड पायालाच कळतो. पहिल्या दाबाला पेडल फार खाली, पण लगेच दोन पंपिंग मारल्यावर वर येऊन टणक, तर फट वाढलीय. स्पंजासारखं दबत असेल तर लाइनमध्ये हवा आहे किंवा रबरी होज (नळी) फुगतोय. पाय तसाच दाबून धरल्यावर पेडल हळूहळू बसत जातं आणि बाहेर कुठेच थेंब नाही, तर मास्टरमधला कप (पिस्टनचं रबरी सील) आतल्या आत ऑइल सोडतोय. पेडल टणक आणि तरी गाडी थांबत नाही, तर लायनर चकाकलेत, त्यांवर ॲक्सलचं ऑइल आलंय, नाहीतर व्हील सिलिंडरचे (चाकात शू ड्रमवर दाबणाऱ्या सिलिंडरचे) पिस्टन जाम आहेत. या गाडीत पहिलं आणि तिसरं दोन्ही होतं, म्हणून गोंधळ.

फट काढताना चाक उचलायचं, प्रत्येक शूचा ॲडजस्टर चाक अडेपर्यंत फिरवायचा आणि चाक मोकळं फिरू लागेल इतकाच मागे घ्यायचा. एखाद्या जागी हलकं घासल्याचा आवाज आला तर चालतं. ड्रम लेथवर मारून आणलाय आणि शू जुन्याच मापाचे आहेत, तर लायनर फक्त मधोमध टेकतं. शू वाकतो आणि पेडल स्प्रिंगसारखं लागतं. मग कितीही हवा काढा. लायनर ड्रमच्या गोलाईप्रमाणे घासून घेणं हाच उपाय.

मास्टर घेताना एक गोष्ट दुकानात नीट विचारून घ्या. ड्रमच्या गाडीच्या मास्टरमध्ये एक छोटा चेक व्हॉल्व्ह असतो. पाय काढल्यावरही तो लाइनमध्ये साधारण १० पीएसआय दाब धरून ठेवतो, त्यामुळे व्हील सिलिंडरचे कप भिंतीला चिकटून राहतात. डिस्कच्या गाडीचा, हा व्हॉल्व्ह नसलेला मास्टर लावला तर वस्तू कोरी करकरीत असूनही पहिलं पेडल खालीच जाऊ शकतं.

हवा काढायची ती मास्टरपासून लांबच्या चाकाकडून. उजव्या स्टिअरिंगच्या जीपला मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. चाकामागच्या निप्पलला (हवा सोडायच्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवा. पेडल सावकाश दाबा, निप्पल बंद झाल्यावरच पाय सोडा. मास्टरची ऑइलची डबी मध्येच रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. भरायला अर्धा लिटर पुरतं. जुनं काळं ऑइल पूर्ण धुवून काढायचं तर एक लिटर घ्या.

जुनाच मास्टर ठेवणार असाल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवूनच हे करा. रोजच्या वापरात कप बोअरच्या ठराविक भागातच फिरतो. त्यापुढे वर्षानुवर्षं गंज आणि गाळ साचलेला असतो. पेडल फळीपर्यंत दाबलं की कपाची धार त्या खडबडीत भागावर जाऊन फाटते. ‘काल हवा काढली आणि आज पेडल बसायला लागलं’ ही तक्रार बरेचदा इथूनच सुरू होते. रबर किट रॉकेलने धुण्याची सवयही सोडा. रॉकेल, डिझेल किंवा इंजिन ऑइल लागलं की कप फुगतात. स्पिरिट किंवा ताजं ब्रेक ऑइल, एवढंच.

पहिले तीन महिने काही बघावं लागलं नाही. जानेवारीत पेडल इंचभर खाली आलं; कामात टाकलेले नवे लायनर घासून ड्रमला बसले होते, एकदा ॲडजस्ट केल्यावर जागेवर आलं. एप्रिलच्या उन्हात मात्र चाकं धरायला लागली, ड्रमला हात लावता येईना. पेडल अजून वर यावं म्हणून कुणीतरी पुश रॉड (पेडलपासून मास्टरच्या पिस्टनपर्यंतचा दांडा) लांब केला होता. रॉड आणि पिस्टनमध्ये थोडी तरी मोकळीक हवी, पेडलवर ती साधारण अर्धा इंच जाणवते. ती नसली की डबीकडे ऑइल परतायचं बारीक भोक झाकलेलं राहतं आणि उन्हात फुगलेलं ऑइल ब्रेक लावून ठेवतं. रॉड मागे घेतल्यावर चाकं मोकळी झाली.

एकच चाक धरत असेल तर त्याचं निप्पल उघडून बघा. दाबाने ऑइल उडून चाक सुटलं तर होज आतून बंद झालेला असतो. बाहेरून तो नवाच दिसेल.

ऑइल डॉट ४ दर्जाचं टाकलंय. कोरं असताना ते किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर हीच हमी १५५ वर येते. डॉट ३ ची १४० वर. तोरणमाळहून उतरताना दुसऱ्या गिअरऐवजी ब्रेकवरच गाडी धरली तर हा फरक पायाला कळतो: वाफ झाली की टणक पेडल अचानक पोकळ होतं. मग थांबून ड्रम निवू द्यायचे, पाणी ओतायचं नाही.

नावं ठेवायचीच तर मास्टरच्या धूळरबराला (आत धूळ जाऊ नये म्हणून असलेल्या रबरी आवरणाला). काळ्या मातीच्या फुफाट्यात ते सातव्या महिन्यातच तडकलं. रबर तेवढं वेगळं मिळतं, पावसाआधी बदलणार.