काडी, लोकेटर की डिटेक्टर: पुरलेल्या हंड्यासाठी पैसे कशावर घालाल?

जुना वाडा पाडायला काढला किंवा नांगराला एखादा दगडी चौथरा लागला, की पुरलेल्या हंड्याचा विषय निघतोच. कुणी पायाळू माणूस सुचवतो, कुणी नारळवाल्या पाणाड्याला बोलावतो. हल्ली त्यात ‘लाँग रेंज लोकेटर’ची भर पडली आहे: पिस्तुलासारखी मूठ, पुढे अँटेना, आणि शेताच्या पलीकडचं सोनं दाखवण्याचा दावा. किंमत लाखांत सांगतात. मी पाणाड्यांसारख्या हातात धरून चालायच्या काड्या बरेच दिवस चालवून पाहिल्या, लोकेटर हाताळला, आणि साधा मेटल डिटेक्टर वापरतो.

काड्यांपासून सुरुवात करा, कारण त्यांना खर्च नाही. तांब्याच्या दोन तारा काटकोनात वाकवा, आखूड बाजू मुठीत सैल धरा आणि चाला. तारा वळतात, आणि आपण वळवल्या असं अजिबात वाटत नाही. जर्मन खाणकामगार बेचक्याची फांदी घेऊन धातूच्या शिरा शोधत, हे खाणकामावर ग्रंथ लिहिणाऱ्या अ‍ॅग्रिकोलाने १५५६ मध्ये लिहून ठेवलं. जाणत्या खाणकामगाराला तिची गरज नाही, असंही तोच सांगतो. तारा का वळतात याचं उत्तर १८५२ मध्ये विल्यम कार्पेंटर या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने दिलं: मनात अपेक्षा असली की स्नायू आपल्या नकळत बारीक हालचाल करतात. सैल धरलेली तार ती हालचाल मोठी करून दाखवते.

मी घरीच पडताळा घेतला. दहा डबे उपडे घातले आणि एकाखाली चांदीचा रुपया ठेवला. तो कुठे आहे हे मला ठाऊक असताना तारा दरवेळी तिथेच जुळल्या. मग भावाने मी नसताना रुपया लपवला आणि तोही बाहेर गेला. वीस वेळा केलं, तीनदा बरोबर आलं. नुसत्या अंदाजानेही दोनदा आलंच असतं. जर्मनीत कासेलला १९९० मध्ये सुमारे तीस काडीवाल्यांची अशीच परीक्षा झाली. जमिनीखालच्या नळातून पाणी वाहतंय की नाही, एवढंच सांगायचं होतं. चाचणी न्याय्य आहे आणि आपण पूर्ण यशस्वी होऊ, असं त्यांनी आधी लिहून दिलं होतं. निकाल अंदाजपंचे उत्तरांपेक्षा वरचढ नव्हता.

आता लोकेटर. त्याची अँटेना बेअरिंगवर इतकी मोकळी फिरते, की मनगट जरासं कललं तरी स्वतःच्या वजनाने ती त्या बाजूला वळते. माझ्या मते ही डबी आणि दिवे लावलेली काडीच आहे. विक्रेता म्हणतो, सोन्याची ठरावीक फ्रिक्वेन्सी पकडतो. पण जमिनीत पडून असलेलं सोनं कुठलीही लहर बाहेर टाकत नाही. आपण चुंबकीय क्षेत्र पाठवलं तर ते प्रतिसाद देतं, आणि अंतर दुप्पट झालं की तो प्रतिसाद साधारण ६४ पट कमी होतो, कारण जातानाही ते क्षेत्र अंतराच्या घनाने क्षीण होतं आणि परत येतानाही. फुटावरच्या नाण्याचा संकेत शंभर फुटांवर एक लाख कोटी पटींनी दुबळा होतो. हातातल्या डबीला तो कसा कळणार?

मला प्रात्यक्षिक दाखवणाऱ्याने टेबलावरच्या अंगठीकडे अँटेना झकास वळवून दाखवली. दहा गोणपाटांपैकी एकाखाली तीच लपवून ठेवतो म्हटल्यावर म्हणाला, “हे ताजं सोनं आहे साहेब, जमिनीत वर्षानुवर्षं मुरलेलं लागतं.” टेबलावर होती तेव्हाही अंगठी तेवढीच ताजी होती, तरी अँटेना वळलीच होती.

याच घडणीचं एडीई ६५१ हे उपकरण स्फोटकं शोधणारं म्हणून इराकला विकलं गेलं. स्वस्तातल्या गोल्फ-चेंडू शोधकावर ते बेतलेलं होतं, आणि बगदादच्या नाक्यांवर जवान त्यावर विसंबून होते. विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला २०१३ मध्ये लंडनच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. थायलंडमध्ये त्याच जातीच्या जीटी २०० या उपकरणाची २०१० मध्ये चाचणी घेतली, तेव्हा वीसपैकी चारच उत्तरं बरोबर आली. माणसांचे जीव ज्यावर गेले तीच कल्पना आज गुप्तधनाच्या नावाने शेतकऱ्याला विकतात, याची मला मनापासून चीड आहे.

मेटल डिटेक्टरची झेप छोटी आहे. नाणं साधारण वीत-दीड वीत खोलीवर सापडतं. हंडा मोठा असेल आणि डिटेक्टरची कॉइल, म्हणजे खालची गोल चकती, हीही मोठी असेल तर आणखी खाली. जांभ्याच्या किंवा काळ्या दगडाच्या जमिनीत लोहखनिजामुळे तो नाहक ओरडतो, म्हणून ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीतल्या खनिजाचा संकेत वगळायची सोय, असलेलाच घ्या. खिळे आणि बाटल्यांची बुचं पुष्कळ निघतील. पण तो जे सांगतो ते खणून तपासता येतं. इंग्लंडमध्ये हॉक्सनला १९९२ मध्ये एक गृहस्थ मित्राची हरवलेली हातोडी शोधायला डिटेक्टर घेऊन गेले आणि त्यांना सुमारे पंधरा हजार रोमन नाणी सापडली. त्यांनी पुढे न खणता लगेच कळवलं, म्हणून पुरातत्त्वज्ञांना तो ठेवा जसाच्या तसा उकलता आला.

जमिनीत रडार सोडणारी यंत्रणा भाड्याने आणायचा मोह होईल. ओल्या काळ्या चिकणमातीत रडारची लहर लवकर विरते, शिवाय ते पोकळी आणि थर दाखवतं, सोनं नव्हे. उत्तर प्रदेशात डौंडिया खेडा इथे २०१३ मध्ये सरकारी भूवैज्ञानिकांनी उपकरणांनी जमीन तपासून धातूची शक्यता वर्तवली, पुरातत्त्व खात्याने खणलं, सोनं निघालं नाही.

एक गोष्ट यंत्राआधी पक्की करा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लपवलं तर हिस्सा जातो आणि तुरुंगही होऊ शकतो. संरक्षित गड-किल्ल्यावर परवानगीविना खणणं हा गुन्हाच. गुप्तधनासाठी कुणी बळी, अघोरी पूजा सुचवली तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागू होतो. थेट पोलिसांकडे जा.

तेव्हा हौस असेल तर तारा वाकवा. स्वतःच्या वाड्यात किंवा शेतात आजोबांनी नेमकी जागा सांगितलेली असेल, तर ग्राउंड बॅलन्सचा डिटेक्टर घ्या. लोकेटरवाला दारात आला तर आधी दहा डबे उपडे घाला. नाणं दुसऱ्याच माणसाला ठेवायला सांगा, आणि त्याने विक्रेत्यासमोर उभं राहू नये. वीस खेपा मोजा.