मूडल, अंकी आणि शिपाईमामा: जर्मनीत शिकताना नऊ महिने

ऑक्टोबरात इथे उतरलो तेव्हा बॅगेत एक लॅपटॉप, एक जुना टॅब आणि भडंगाची तीन पाकिटं होती. भडंग दिवाळीच्या आतच संपलं. उरलेल्या दोन गोष्टी आणि त्यांवर चालणारं सगळं मात्र नऊ महिने रोज वापरतोय. गावाकडून 'तिकडं सगळं ऑनलाइनच असतं ना रे?' असं विचारणारे मेसेज अजून येतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. मी सांगलीचा. मेकॅनिकलची मास्टर्स, माध्यम इंग्रजी, शहर जर्मन. विद्यापीठाचं नाव मुद्दाम देत नाही.

आधी ज्याबद्दल तक्रारच नाही ते. विद्यापीठ एक आयडी देतं आणि त्यावर मूडल (स्लाइड, गृहपाठ वगैरे जिथे मिळतात ती अभ्यासाची वेबसाइट), ईमेल, लायब्ररीची ई-पुस्तकं आणि वायफाय सगळं उघडतं. या वायफायचं नाव एज्युरोम, आणि ते शंभराहून जास्त देशांत चालतं हे मी कुठेतरी वाचलं होतं, पण पटलं नव्हतं. नाताळात प्रागला फिरायला गेलो. तिथल्या विद्यापीठाच्या इमारतीजवळून चालताना खिशातला मोबाइल आपोआप जोडला गेला आणि आईचे अडकलेले सात मेसेज धडाधड येऊन पडले. पासवर्ड नाही, विचारपूस नाही.

मूडलही तसंच, निमूट काम करणारं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या मार्टिन डुगियामास यांनी ते सुरू केलं, २००२ साली पहिली आवृत्ती आली, आणि आजही ते मुक्त स्रोत, म्हणजे कुणालाही वापरता-बदलता येणारं आहे. दिसायला सरकारी कचेरीसारखं रुक्ष. पण स्लाइड, गृहपाठ, मुदतीची तारीख, सगळं जागच्या जागी सापडतं.

आता लेक्चरच्या रेकॉर्डिंगबद्दल. पहिले दोन महिने यानेच मला तारलं. आमचे एक प्राध्यापक इंग्रजी बोलतात, पण वाक्य जर्मन पद्धतीने, क्रियापद शेवटी ढकलून बांधतात. वर्गात मी क्रियापदाची वाट बघत बसायचो. घरी येऊन तेच लेक्चर पाऊणपट वेगाने, खाली मशीनने उमटवलेली अक्षरं वाचत ऐकायचो. ती अक्षरं हा एक स्वतंत्र करमणुकीचा कार्यक्रम आहे. मॅट्रिक्सच्या तासाला प्राध्यापक 'आयगेन व्हॅल्यू' म्हणाले की पडद्यावर 'आय गेन व्हॅल्यू' उमटायचं. दीड तासात वीस-पंचवीस वेळा. साधं बोलणं यंत्राला नीट कळतं आणि नेमका जो शब्द मला नवा असतो तिथेच ते ढेपाळतं. शेवटी स्लाइडवरचे शब्द आधी वहीत उतरवून मगच रेकॉर्डिंग लावायची सवय केली. मार्चपर्यंत वेग सव्वापट झाला.

पण रेकॉर्डिंग आहे म्हटल्यावर सकाळी आठची थंडी कोण सोसणार? जानेवारीत एका विषयाची सहा लेक्चरं तुंबली होती. शिवाय थांबवता येतं, मागे नेता येतं, पण शंका विचारता येत नाही. इथे लेक्चर संपलं की मुलं टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाकावर ठकठक करतात. रेकॉर्डिंग त्याच्या आधीच कापलेलं असतं. ती ठकठक संपली की चार-पाच जण प्राध्यापकांच्या टेबलाभोवती जमतात, आणि परीक्षेत काय महत्त्वाचं ते तिथे कळतं. हे मला फेब्रुवारीत समजलं.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो अंकीचा. डेमियन एल्म्स यांनी स्वतः जपानी शिकताना २००६ च्या सुमारास बनवलेलं हे कार्डांचं ॲप. जे कार्ड आठवलं ते लांबच्या तारखेला परत येतं, जे चुकलं ते लगेच. अँड्रॉइडवर फुकट. मी आधी इंग्रजी-जर्मन शब्दांचा तयार गठ्ठा उतरवून घेतला आणि महिनाभर डेअर-डी-डासमध्ये (जर्मन नामाआधी येणारे तो-ती-ते) गटांगळ्या खाल्ल्या. मग लक्षात आलं की इंग्रजीतल्या 'द'ला लिंगच नाही, आणि आपल्याकडे तर तो-ती-ते तिन्ही आहेत! मधला इंग्रजी दलाल काढून टाकला आणि कार्डं मराठीत केली. चमचा तो, आणि जर्मन 'लोफेल'ही तो. काटा आपला तो, त्यांची 'गाबेल' ती. सुरी आपली ती, त्यांचं 'मेसर' ते. सूर्य तर इथे चक्क बाई आहे: डी झोने. फरक मराठीत दिसला की गंमत वाटते आणि गंमत वाटली की लक्षात राहतं. सव्वा वर्षाचा कोर्स करूनही ज्याला लिंगं जमत नाहीत असा माझा एक इंग्रजीतून शिकणारा मित्र आहे. मराठी माणसाला हे वरदान आयतं मिळालंय, ते इंग्रजीच्या वाटेने जाऊन घालवू नका.

विम्याची, घरभाड्याची पत्रं जर्मनमध्ये येतात, आणि कागदावरच येतात. फोटो काढून भाषांतर, काम झालं. पुढे.

एक कडू अनुभव. मार्चमध्ये एका अहवालावर तपासणीच्या सॉफ्टवेअरने 'यंत्राने लिहिल्याची शक्यता' असा शेरा मारला. लिहिला होता मीच, रात्री दोनपर्यंत बसून, शाळेत शिकवलेल्या छोट्या, सरळ इंग्रजी वाक्यांत. नंतर कळलं की स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशी सात सॉफ्टवेअरं तपासली होती. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध त्यांनी यंत्राचे ठरवले. म्हणजे आपलं साधं इंग्रजी हाच गुन्हा. मी सगळे कच्चे मसुदे तारखांसकट दाखवले, वीस मिनिटं तोंडी उत्तरं दिली आणि सुटलो. तेव्हापासून प्रत्येक मसुदा वेगळ्या नावाने जपून ठेवतो. तुम्हीही ठेवा.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. मूडलवर विषयाला नाव नोंदवलं, गृहपाठ दिले, म्हणजे परीक्षेलाही आपण आहोतच असं मी धरून चाललो होतो. परीक्षेची नोंदणी वेगळ्या पोर्टलवर असते, तिची मुदत वेगळी असते, आणि ती गेली की गेली. मेल आला होता, तोही जर्मनमध्ये, 'मेन्सामध्ये (विद्यापीठाच्या खानावळीत) शुक्रवारी मासे' आणि 'सायकल चोरांपासून सावध' या दोन मेलच्या मधोमध. परीक्षा कार्यालयातल्या बाई अगदी सौजन्याने 'लायडर' म्हणाल्या. लायडर म्हणजे 'दुर्दैवाने', आणि हा शब्द आला की पुढचं वाक्य ऐकायची गरज नसते. एक पेपर सहा महिने पुढे गेला.

आमच्या सांगलीच्या कॉलेजात मूडल नव्हतं. वही घेऊन फिरणारे शिपाईमामा होते. तास चालू असताना दार ढकलून आत यायचे, सर नोटीस वाचायचे, आणि जाताना मामा शेवटच्या बाकाकडे बघून ओरडायचे, "परीक्षेचा फॉर्म भरला का रं? उद्या लेट फी हाय!" आम्ही हसायचो. चार वर्षांत माझा एकही फॉर्म चुकला नाही.

इथल्या कुठल्याही ॲपमध्ये मामा नाहीत. या सत्रात मी मोबाइलवर तीन गजर लावले आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या भारतीय मुलांच्या ग्रुपवर मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही भाषांत टाकलं: परीक्षेचा फॉर्म भरला का?

अकरा जणांनी अंगठा दाखवला. दोघांनी विचारलं, कुठला फॉर्म?