लेकीकडे इंग्लंडला वापरलेलं प्रीपेड सिम : जीबी नंतर बघा, आधी कॉल लागतो का ते बघा

नर्सरीतून फोन आला, नातवाला ताप आहे, घेऊन जा. मी रेडिंगच्या बसमध्ये होते. पलीकडच्या बाईंशी बोलतानाच उलट जाणारी बस शोधायला नकाशा उघडला, तर नकाशा हलेना. कॉल चालू होता तोवर नेट पूर्ण बंद, आणि फोन ठेवल्यावरही ते लगेच परत आलं नाही. स्क्रीनवर वर जिथे ४जी दिसायचं तिथे नुसता ‘ई’ उभा, म्हणजे जुन्या २जीची खूण. तेव्हापासून माझं या कार्डाबद्दलचं मत फिरलं, आणि पुढे महिनाभरानं ते पुन्हा फिरलं. दोन्ही सांगते.

व्हिजिटर व्हिसावर ब्रिटनमध्ये सहा महिन्यांपर्यंत राहता येतं आणि लेकीच्या बाळंतपणाला जाणारे आपण बहुतेक जण जवळजवळ तेवढे राहतोच. आठवड्याभराच्या सहलीला आपल्या इथल्या कंपनीचं रोमिंग पॅक ठीक आहे. पण दहा दिवसांना दोन-तीन हजार मोजायचे तर महिनोन्‌महिने ते कोण भरणार? तिथलं प्रीपेड कार्ड पाच ते दहा पौंडांत महिना काढतं. शिवाय ब्रिटनमध्ये प्रीपेड कार्डाला ओळखपत्र लागत नाही. जर्मनीत २०१७ पासून पासपोर्ट दाखवून नोंदणी करावी लागते, ब्रिटनमध्ये तसं काही नाही. सुपरमार्केटमधून कार्ड उचला, फोनमध्ये घाला, रिचार्ज करा. विमानतळावर घेऊ नका, तिथे तेच महाग पडतं.

मी घेतलेल्या कार्डाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, आणि त्यामागे कारण आहे. दोष एकट्या कार्डाचा नव्हता, माझा फोन आणि ते कार्ड या जोडीचा होता. तुमच्या फोनमध्ये तेच कार्ड ठणठणीत चालेल. माझं चाललं नाही, आणि ते का चाललं नाही हे कळायला मला फार त्रास झाला. तो तुमचा वाचावा म्हणून एवढं लिहिते आहे.

ब्रिटनमध्ये खरे टॉवर चारच जाळ्यांचे : ईई, ओटू, व्होडाफोन आणि थ्री. त्यातले शेवटचे दोन २०२५ मध्ये एकत्र आले. बाकी दिसतात त्या स्वस्त कंपन्या यांचेच टॉवर भाड्यानं वापरतात. गिफगॅफ आणि टेस्को मोबाइल ओटूवर, लेबारा व्होडाफोनवर, लायका ईईवर, स्मार्टी थ्रीवर. हे लोकांना माहीत असतं. माहीत नसतं ते असं की तिथल्या कंपन्यांनी ३जी बंद करत आणलं आहे. व्होडाफोन आणि ईईनं २०२४ च्या सुरुवातीलाच ते काम संपवलं. २जी मात्र अजून शिल्लक आहे, ते २०३३ पर्यंत जायचं आहे. त्यामुळे तुमच्या फोनला त्या कार्डावर ४जीवरून बोलता येत असेल, म्हणजे आपण ज्याला व्होल्टी म्हणतो ते चालत असेल, तर काही प्रश्न नाही. ते चालत नसेल तर कॉल आला की फोन थेट २जीवर घसरतो आणि नेट थांबतं. थ्रीकडे तर २जी कधी नव्हतंच. तिथे अशा फोनवर कॉलच लागत नाही.

माझा फोन नाशिकला घेतलेला, मधल्या किमतीचा अँड्रॉइड. इथे त्याच्यावर व्होल्टी छान चालतं, म्हणून तिथेही चालेल असंच कोणीही धरेल. पण कोणत्या देशातल्या कोणत्या कंपनीच्या जाळ्यावर ४जीवरून बोलू द्यायचं हे फोन बनवणारे त्या त्या देशाच्या फोनमध्ये आतून भरून देतात. भारतातल्या फोनमध्ये भारतातल्या कंपन्या भरलेल्या असतात, बाहेरच्या असतील किंवा नसतील. सेटिंगमध्ये व्होल्टीचं बटण दिसतं आणि ते चालूही असतं. तरी उपयोग शून्य. घरी असताना हे लक्षातही येत नाही, कारण घरात वायफाय असतं आणि सगळं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर होतं. खरा कॉल येतो तो नर्सरीतून, दवाखान्यातून, सामान आणून देणाऱ्याकडून. दवाखान्यातून येणाऱ्या कॉलला तर बऱ्याचदा नंबरही दिसत नाही. परत करायचा तर कुणाला करणार?

मी तक्रार केली. कंपनीला फोन नंबरच नाही, फक्त चॅट. पहिल्या माणसानं फोन बंद करून चालू करायला सांगितलं. दुसऱ्यानं कार्ड काढून घालायला सांगितलं. तिसऱ्यानं नेटवर्क सेटिंग पुसायला लावलं, त्यात घरातल्या वायफायचा पासवर्ड गेला आणि जावई ऑफिसातून येईपर्यंत मी अडकले. प्रत्येक वेळी गाऱ्हाणं मुळापासून सांगायचं, कारण आधीचं बोलणं पुढच्याला दिसत नाही. शेवटी एकानं सरळ सांगितलं की तुमचं मॉडेल आमच्या यादीत नाही. मग वेबसाइटवर ‘कुठल्याही अनलॉक फोनमध्ये (म्हणजे एकाच कंपनीला न बांधलेल्या) चालतं’ असं का लिहिलंय? या प्रश्नाला उत्तर आलं नाही, चॅट बंद झालं. याचा मला आजही राग आहे. स्वस्तात देता म्हणून हे खपवून घ्यायचं का? यादी आहे ना तुमच्याकडे, मग ती विकण्याआधी दाखवा.

गणपतीत आम्ही लंडनच्या महाराष्ट्र मंडळात गेलो. १९३२ सालचं मंडळ, डॉलिस हिलला स्वतःची वास्तू. आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत डोंबिवलीच्या एक काकू भेटल्या, दर वर्षी मुलाकडे येणाऱ्या. त्या म्हणाल्या, कार्ड फेकू नका, आधी ते तुमच्या मिस्टरांच्या फोनमध्ये घालून बघा. यांच्याकडे जावयांनी दिलेला त्यांचा जुना फोन होता, तिथेच विकत घेतलेला. कार्ड त्यात घातलं आणि मी लेकीच्या फोनवरून कॉल केला. वर ४जी तसंच राहिलं. बोलता बोलता नकाशा उघडला, तोही हलला. तेच कार्ड, तीच खोली, तेच टॉवर! इतके दिवस मी कार्डाला नावं ठेवत होते, ते कार्ड यांच्या हातात अगदी नीट चालत होतं. मग ते यांनाच दिलं आणि माझ्यासाठी वेगळ्या जाळ्याचं दुसरं घेतलं. माझ्या फोनवर ते पहिल्या दिवसापासून ४जीवर बोलतं, आवाजही स्वच्छ.

म्हणून माझं सांगणं एवढंच : फुकट मिळणारी किंवा एखाद-दोन पौंडांची दोन वेगळ्या जाळ्यांची कार्डं आणा. मोठं रिचार्ज करण्याआधी प्रत्येक घालून घरच्यांच्या फोनवर कॉल लावा आणि कॉल चालू असताना वर बघा. घरातलं वायफाय तेवढ्यापुरतं बंद ठेवा, नाहीतर काहीच कळणार नाही. ४जी राहिलं तर तेच कार्ड ठेवा. ‘ई’ किंवा ‘२जी’ आलं तर ते या फोनसाठी नाही. बारा जीबी की तीस जीबी ही चर्चा त्यानंतरची, आणि खरं तर निरर्थक. घरात वायफाय, लायब्ररीत वायफाय, ट्रेनमध्येही बऱ्याचदा वायफाय. आमच्यासारख्यांना महिन्याला पाच जीबी उरून पुरतं. सर्वांत छोटं पॅक घ्या.

नुसत्या कॉलवरून कार्ड निवडण्याबद्दलचं माझं मत थोडं बदललं ते स्कॉटलंडला. फोर्ट विल्यम आणि ग्लेनको भागात माझं आणि यांचं, दोन्ही कार्डांची रेंज तासन्‌तास नव्हती. लेकीचा फोन ईईवर, तिला बऱ्याच ठिकाणी होती. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिकांच्या नव्या संपर्कयंत्रणेचं काम ईईकडे आहे, त्यामुळे डोंगराळ भागातही त्यांनी टॉवर उभारले आहेत. डोंगरात जाणार असाल तर एकाकडे तरी ईईच्या टॉवरवरचं कार्ड असू द्या. ऑफकॉम या सरकारी नियामकाच्या साइटवर पोस्टकोड टाकला की कुठल्या जाळ्याची रेंज कशी आहे ते दिसतं.

आता भारतीय नंबर. याबद्दल मी चॅटवाल्यांइतकीच कडक आहे, कारण पेन्शन त्याच नंबरला बांधलेली आहे. नोव्हेंबरात हयातीचा दाखला ऑनलाइन द्यायचा होता, ओटीपी येणार नाशिकच्या नंबरवर. भारतीय कार्ड दुसऱ्या खाचेत ठेवा, डेटा रोमिंग बंद करा, पण आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा निघण्याआधी इथूनच चालू करून घ्या. माझ्या कंपनीत रोमिंगवर येणारा एसएमएस फुकट आहे, येणारा कॉल मात्र नाही. म्हणून त्या नंबरवर आलेला कॉल उचलायचा नाही. दोन खाचांचा फोन असल्याचा इथे खरा फायदा होतो.

निघण्याआधीच्या रिचार्जमध्ये पैसे वाचतात. ट्राय या आपल्याकडच्या दूरसंचार नियामकानं डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचं, डेटा नसलेलं पॅक द्यायला लावलं, मुदत ३६५ दिवसांपर्यंत. परदेशात बसून भारतीय डेटा काय करायचा? तेच पॅक घ्या. दुकानदार स्वतःहून सांगत नाही, मागावं लागतं. यूपीआयचं अ‍ॅप तिथे असताना काढून परत टाकू नका. नोंदणीला तुमच्या नंबरवरून एसएमएस बाहेर जावा लागतो, त्याला रोमिंगचा दर लागतो आणि तो गेलाच असं नाही.

कुणी म्हणेल, ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच भरायचं सिम, का नाही घेतलं? एअरालो आणि हॉलाफ्लाय या परदेशी ई-सिमवाल्यांची अ‍ॅप जानेवारी २०२४ मध्ये दूरसंचार विभागाच्या सांगण्यावरून भारतातल्या स्टोअरमधून काढली गेली. भारतात परदेशी सिम विकायला विभागाचं ना-हरकत पत्र लागतं. शिवाय अशी प्रवासी ई-सिम बहुतेक फक्त नेटची असतात, त्यांना तिथला नंबर नसतो. नर्सरीच्या फॉर्मवर मग काय लिहिणार? आणि आपल्याकडच्या मधल्या किमतीच्या पुष्कळ फोनमध्ये ई-सिमची सोयच नसते.

रिचार्ज रोखीनं करा. भारतीय बँकेचं कार्ड कंपनीच्या साइटवर टाकलं तर कधी चालतं, कधी नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात पेपॉइंटची पाटी असते. आमच्या इथला दुकानदार गुजराती, दहा पौंडांची नोट दिली की यंत्रातून बिलासारखी पातळ चिठ्ठी काढून द्यायचा. त्यावरचा लांबलचक आकडा फोनवर टाकला की झालं. चिठ्ठी लगेच वापरा, तो कागद पर्समध्ये राहिला तर आकडे पुसट होतात.

अपेक्षा नसताना मिळालेलं सुख एकच, आणि ते मोठं आहे. माझ्या दुसऱ्या कार्डात भारतात बोलायची मिनिटं पॅकमध्येच होती. कुडाळच्या आत्याकडे बटणांचा फोन, व्हॉट्सअ‍ॅप नाही. दर रविवारी तिच्याशी मनसोक्त बोलले, बाळाचं रडणं ऐकवलं, आणि एक पेनीही जास्त गेली नाही. दोन कार्डं सारखीच चालत असतील तर अशी मिनिटं ज्यात आहेत ते घ्या.

परत निघताना शेवटचं रिचार्ज मोठं करू नका, उरलेले पैसे परत मिळत नाहीत. काही महिने न वापरलेला नंबर कंपनी बंद करते आणि पुढे दुसऱ्याला देऊ शकते. गिफगॅफमध्ये ही मुदत सहा महिन्यांची आहे. म्हणून नर्सरी, दवाखाना, पार्सलवाले, जिथे जिथे तो नंबर दिलाय तिथे लेकीचा नंबर टाकून या. व्हॉट्सअ‍ॅप सुरुवातीपासून भारतीय नंबरवरच ठेवा.