व्हीएमला ग्राफिक्स द्यायचं: अख्खं कार्ड की व्हर्टिओ-जीपीयू?

दारव्ह्याकडच्या आमच्या गावात माझं ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान आहे. कॉम्प्युटर एकच, रॅम १६ जीबी. होस्टवर, म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरवर, लिनक्स; आणि लिनक्सच्या केव्हीएम या सोयीने चालणाऱ्या गेस्टमध्ये, म्हणजे व्हीएममध्ये (कॉम्प्युटरच्या आतला आभासी कॉम्प्युटर), मी क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरवर शेतांचे नकाशे करतो. या गेस्टला ग्राफिक्स देण्याच्या दोन्ही वाटा मी वापरल्या आहेत: पासथ्रू, म्हणजे अख्खं ग्राफिक्स कार्ड गेस्टला देणं, आणि व्हर्टिओ-जीपीयू, म्हणजे कार्ड होस्टकडे ठेवून गेस्टला आभासी कार्ड देणं. कुणी याच विचारात असेल तर माझा अनुभव कामी यावा.

वेगात पासथ्रू पुढे, यात वाद नाही. व्हीएफआयओने (लिनक्सची पासथ्रूची सोय) कार्ड गेस्टला दिलं की कार्डाचे बार, म्हणजे कार्डाशी बोलायचे मेमरी-पत्त्यांचे पट्टे, थेट गेस्टच्या पत्त्यांत मॅप होतात. प्रोसेसर तिथे लिहितो तेव्हा व्हीएम चालवणाऱ्या क्यूएमू या प्रोग्रामला मधे पडावं लागत नाही. सुरुवातीला बार राखता येत नाही अशी तक्रार लॉगमध्ये यायची, कारण होस्टचा बूट-फ्रेमबफर (सुरू होताना स्क्रीनवरचं चित्र ठेवायची मेमरी) त्याच जागेवर बसलेला होता. होस्टचा डिस्प्ले प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर नेला आणि ते कायमचं मिटलं.

मिटलं नाही ते रॅमचं. कार्ड डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मधे न घेता, गेस्टच्या मेमरीत स्वतः वाचतं-लिहितं; पत्ता आयओएमएमयू हे हार्डवेअर बदलून देतं. मेमरीचं कोणतं पान (छोटा तुकडा) केव्हा लागेल हे आधी कळत नाही, आणि ऐनवेळी पान जागेवर नसेल तर सहसा कार्डाला थांबून वाट बघता येत नाही. म्हणून व्हीएफआयओ गेस्टची सगळी रॅम सुरुवातीलाच खिळवून ठेवतं. ८ जीबी दिली की ८ जीबी गेली, मग आत क्यूजीआयएस चालू असो की नुसता डेस्कटॉप. बलूनने (गेस्टकडून रॅम परत घ्यायची सोय) परत मागावी, तर अशा वेळी क्यूएमू बलूनला काही करूच देत नाही.

जुलैअखेरीस पीकविम्याची गर्दी असते. दारात पेरणी सोडून आलेली माणसं, ब्राउझरमध्ये दहा टॅब, सातबाऱ्यांचं स्कॅनिंग, आणि होस्ट स्वॅपवर रांगतोय. दरवेळी अर्धा नकाशा तसाच सोडून गेस्ट बंद करायचा. या एका गोष्टीने मी कंटाळलो.

व्हर्टिओ-जीपीयूत गेस्ट पानांना हात लावेल तशी रॅम लागते, आणि बलूनने परतही घेता येते. त्यातला ब्लॉब हा पर्याय चालू केला तर चित्रांची नक्कल करण्याऐवजी पानंच वाटून घेतली जातात. त्यासाठी गेस्टची रॅम मेमएफडीवर (लिनक्समधली वाटून घेता येणारी मेमरी) शेअर करून द्यावी लागते. गेस्टमध्ये वल्कन (थ्रीडी ग्राफिक्सची एक प्रणाली) हवं असेल तर २०२४ च्या अखेरीस आलेल्या क्यूएमू ९.२ पासून त्यासाठी व्हीनस ही सोय आहे. त्याच्या सेटिंगमध्ये होस्टमेम ४ जीबी लिहिलं म्हणून घाबरू नका, तो पत्त्यांचा पट्टा आहे, तेवढी रॅम अडकत नाही.

गेस्ट विंडोज असेल आणि जड थ्रीडी काम असेल, तर पासथ्रूच घ्या. रॅम ६४ जीबी असेल तर माझी अडचण तुम्हाला जाणवणारही नाही कदाचित. मोठा नकाशा सरकवताना व्हर्टिओवर किंचित अडखळतो, हेही खरं.

माझं कार्ड मात्र आता होस्टकडेच आहे. गर्दी झाली की बलूनने गेस्ट ८ वरून ३ जीबीवर आणतो, क्यूजीआयएस आत उघडंच राहतं, आणि दारातल्या माणसाची पावती लगेच निघते.